जपाकुसुम, स्फटिक आणि कांद्याची पेशी

भारतीय दर्शनांत दृष्टान्तांचा जो मोजका पण चिवट संच पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यात दोरी आणि साप, शिंपला आणि रुपे यांच्या जोडीने स्फटिक आणि जपाकुसुम यांनाही जागा मिळालेली आहे. जपाकुसुम म्हणजे तांबडी जास्वंद. स्वच्छ स्फटिकाशेजारी हे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसू लागतो, फूल उचलले की तो पुन्हा रंगहीन दिसतो, आणि मधल्या काळात स्फटिकाच्या अंगी काहीही घडलेले नसते. सांख्यांनी हा दृष्टान्त पुरुष आणि बुद्धी यांचे नाते सांगण्यासाठी वापरला, वेदान्त्यांनी आत्मा आणि देहेंद्रिये यांचे. ज्याच्या सान्निध्यामुळे एकाचा धर्म दुसऱ्यावर भासू लागतो, त्या निमित्ताला वेदान्ताच्या परिभाषेत ‘उपाधी’ म्हणतात, आणि उपाधीकडे पाहण्याची शास्त्रकारांची दृष्टी एकंदरीत संशयाचीच आहे. ती दूर केल्यावाचून वस्तूचे स्वरूप कळत नाही, असा या दृष्टान्ताचा रोख असतो.

त्याच जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र याच्या नेमका उलट कामाला लावला जातो. तेथे रंगहीन वस्तू ही वनस्पतीची पेशी असते, आणि ती रंगहीन आहे तोवर तिच्याविषयी फारसे काही कळत नाही. रंग चढवला की मगच तिचे केंद्रक, तिची भित्तिका, तिच्यातील भेद दृष्टीस पडतात. एका ठिकाणी स्वरूप झाकणारा म्हणून ज्याचा निषेध झाला, तोच रंग दुसऱ्या ठिकाणी स्वरूप उघड करणारा ठरतो. या विरोधाचा उलगडा कसा करायचा, हा प्रश्न विज्ञानापेक्षा ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाने होते आणि ते कितपत भरवशाचे असते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, अधिक आहे. तो अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात मांडण्यास विशेष कारण आहे, कारण पेशी पाहण्यासाठी सर्वांत अधिक वापरला जाणारा कांदा आणि रंग-रूपाच्या वादात स्वतंत्र भूमिका घेणारा एक मराठी तत्त्वग्रंथ, या दोहोंचा संबंध एकाच नेवासे तालुक्याशी येतो.

प्रथम पेशीचे पाहू. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा सोलून, पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरून, वर आच्छादन काच ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर विटांच्या बांधकामासारखी फिकट रेषांची जाळी दिसते आणि त्यापलीकडे जवळजवळ काहीच दिसत नाही. याचे कारण असे की पेशीचे द्रव्य बहुतांशी पाणी असून तिच्या निरनिराळ्या भागांतून प्रकाश सारख्याच तीव्रतेने पार होतो, आणि मानवी डोळा प्रकाशाची तीव्रता व रंग यांतील फरक ओळखतो, त्याखेरीज दुसरा कोणताही फरक ओळखत नाही. म्हणजे अडचण पेशीत भेद नसण्याची नाही, ते भेद डोळ्याच्या भाषेत नसण्याची आहे. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या कापात ज्या पोकळ्या पाहिल्या त्या मृत पेशींच्या भित्तिका होत्या; आतील पदार्थ त्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १७१४ मध्ये लेवेनहूक याने स्नायूंचे तंतू पाहण्यासाठी केशराचा उपयोग केला, आणि सूक्ष्मदर्शनात रंग वापरल्याच्या सुरुवातीच्या नोंदींत त्याची गणना होते.

नैसर्गिक रंगांनी पेशी रंगवणे ही अलीकडची पर्यावरणस्नेही टूम आहे, असा समज अधूनमधून आढळतो, तो इतिहासाला धरून नाही. कृत्रिम रंगांचा जन्मच १८५६ मधला, जेव्हा विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातून जांभळा मॉव्ह तयार झाला. त्याच सुमारास ऊतकविज्ञानात, म्हणजे पेशीसमूहांच्या अभ्यासात, कोचिनील किड्यांपासून मिळणारे कार्माइन रुळत होते. मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यापासून काढलेले हीमॅटॉक्सिलीन १८६५ मध्ये बोमर याने तुरटीच्या जोडीने वापरले, आणि आजही जगभर रुग्णालयांत गाठीचा तुकडा तपासताना केंद्रके निळी-जांभळी करणारा रंग मुख्यतः तोच आहे. महाविद्यालयात कांद्याच्या मुळाग्रातील पेशीविभाजन दाखवण्यासाठी वापरले जाणारे ओर्सीन हे दगडफुलाच्या जातकुळीतल्या शैवाकांपासून मिळते. तेव्हा जास्वंद, बीट, लाल अंबाडी, हळद किंवा मेंदी यांच्या अर्कांवर भारतात आणि नायजेरियासारख्या देशांत होत असलेले प्रयोग हे जुन्या वाटेवरचेच पुढचे पाऊल समजावे. त्यांतून कृत्रिम रंगांना सर्वस्वी पर्याय मिळेल, असे मात्र मानू नये. वनस्पतिज अर्क टिकत नाहीत, प्रत्येक खेपेला सारखे उतरत नाहीत, आणि सॅफ्रानिनने काष्ठमय भित्तिका जितक्या ठसठशीत लाल दिसतात तितक्या त्यांनी क्वचितच दिसतात.

हा रंग पेशीला धरतो कसा, यावर पुढील सगळा विचार अवलंबून असल्यामुळे ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. जास्वंदीचा तांबडा रंग अँथोसायनिन वर्गातील द्रव्यांचा असतो आणि आम्ल द्रावणात या द्रव्याच्या रेणूवर धनविद्युतभार असतो. केंद्रकातील केंद्रकाम्लांवर, तसेच भित्तिकेतील पेक्टिनवर, ऋणभार असतो. त्यामुळे रंगाचे रेणू तेथे ओढले जातात आणि इतरत्र तितके ठरत नाहीत. जेथे ही ओढ पुरेशी नसते तेथे रंगबंधक लागतो, म्हणजे एका बाजूने ऊतकाला व दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवणारा मध्यस्थ पदार्थ. तुरटीतील ॲल्युमिनियम हेच काम करते. रंगाऱ्यांना ही गोष्ट रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती, कारण सुती कापड रंग सहज घेत नाही, म्हणून ते आधी हिरड्याच्या पाण्यातून काढून मग तुरटीत बुडवण्याची रीत होती; आणि अकोले तालुक्यातील डोंगरात महादेव कोळी कुटुंबे जो बाळहिरडा गोळा करतात, त्याचे मोल औषधाइतकेच त्यातील टॅनिनमुळेही आहे. अर्काला आम्लाऐवजी क्षारयुक्त पाणी मिळाले, तर तांबडा रंग जांभळा, निळसर आणि शेवटी हिरवट होत जातो. म्हणजे उपाधीलाही तिची स्वतःची उपाधी असते, आणि ती विसरली की निरीक्षक पाण्याचा गुण पेशीच्या नावावर मांडून मोकळा होतो.

आता दृष्टान्ताकडे परतता येते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात, ब्रह्म एकाच वेळी सविशेष आणि निर्विशेष असू शकते काय याची चर्चा करताना, स्वच्छ स्फटिकाचे उदाहरण दिले आहे; तेथे त्याला रंग देणारी उपाधी फूल नसून अलक्तक, म्हणजे लाखेपासून केलेला अळिता, आहे. योगायोग असा की लाखेचा किडा आणि कार्माइनचा किडा हे दोन्ही खवलेकीटकांच्याच वर्गातले, आणि त्यांची तांबडी द्रव्येही रासायनिकदृष्ट्या जवळची. म्हणून आचार्यांच्या भाष्यातील रंग आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रयोगशाळेतील रंग हे जवळचे नातलग ठरतात. मात्र दोघांनी केलेले काम एक नाही. अळित्यामुळे स्फटिकाची स्वच्छता नाहीशी होत नाही, ती झाकल्यासारखी भासते, एवढेच आचार्यांना सांगायचे आहे.

स्फटिकावरील रंग हा सान्निध्याचा रंग आहे. तो स्फटिकात शिरत नाही, कोठे चिकटत नाही, आणि मुख्य म्हणजे सर्वत्र सारखाच पसरतो. पेशीचा रंग हा संयोगाचा रंग आहे. तो शिरतो, बांधला जातो आणि सर्वत्र सारखा पसरत नाही. या तिसऱ्या फरकातच सगळे इंगित आहे. एखाद्या रंगाने पेशीचा प्रत्येक भाग सारख्याच प्रमाणात तांबडा केला, तर रंग चढल्यानंतरही पाहणाऱ्याला आधीइतकेच दिसेल, फक्त तांबडे दिसेल. रंग ज्ञान देतो तो त्याच्या पक्षपातामुळे. आणि हा पक्षपात रंगाने एकट्याने ठरवलेला नसतो, कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे यात पेशीच्या निरनिराळ्या भागांच्या घडणीचाही वाटा असतो. म्हणून रंगवलेल्या काचपट्टीवर जे दिसते ते केवळ रंगाचे नसते आणि केवळ पेशीचेही नसते. त्या दोहोंच्या संबंधाचे ते चित्र असते, आणि संबंध हा आरोप, म्हणजे एकाचा धर्म दुसऱ्यावर लादणे, नव्हे.

यावरून मायावादाचे, म्हणजे दृश्य जग हा ब्रह्मावरील भास मानणाऱ्या मताचे, खंडन झाले, असे जर कोणी म्हणू लागला तर तो घाई करील. वेदान्तात भेद तीन प्रकारचे मानले आहेत: झाडाचा दगडापासून असतो तो विजातीय भेद, एका झाडाचा दुसऱ्या झाडापासून असतो तो सजातीय भेद, आणि एकाच झाडाचा आपल्या पाने-फुले-फांद्यांशी असतो तो स्वगत भेद. पेशीचे रंजन जे प्रकट करते तो स्वगत भेद होय. अद्वैत वेदान्ताचे ब्रह्म तर या तिन्ही भेदांनी रहित सांगितले आहे. ज्यात भागच नाहीत त्यातील कोणत्या भागाने रंग धरावा? म्हणून शंकराचार्यांनी उदाहरणासाठी निवडलेला स्फटिक त्यांच्या हेतूला पूर्ण अनुरूप आहे, आणि पेशीचे उदाहरण त्याच्या जागी बसवता येत नाही. चूक होते ती उलट दिशेने, जेव्हा ब्रह्माविषयी सांगितलेली गोष्ट भाग असलेल्या सर्वच वस्तूंना लावून, रंग म्हणजे आवरण, साधन म्हणजे अडथळा, आणि साधनांशिवाय झालेले ज्ञान तेवढे खरे, असा सरसकट निष्कर्ष काढला जातो. कीर्तन-प्रवचनांतून हा निष्कर्ष इतक्या सहजपणे काढला जातो की तो शास्त्राचाच आहे असे श्रोत्यांना वाटू लागते.

खुद्द दर्शनपरंपरेत याहून वेगळी दिशा उपलब्ध आहे आणि ती योगसूत्रांत सापडते. पहिल्या पादात पतंजलींनी वृत्ती क्षीण झालेल्या चित्ताला उत्तम जातीच्या मण्याची उपमा दिली आहे: असा मणी ज्याच्याजवळ ठेवावा त्याच्या रंगाचा होतो, तसे चित्त ज्ञेयाच्या रंगाचे होते, आणि या अवस्थेला ते ‘समापत्ती’ म्हणतात. दृष्टान्त जवळपास तोच, परंतु येथे रंगणे हा दोष नसून सिद्धी आहे. चौथ्या पादात तर ते याहून पुढे जातात. वस्तू चित्ताला ज्ञात होते की अज्ञात राहते, हे तिचा उपराग, म्हणजे तिचा रंग, चित्तावर चढतो की नाही यावर अवलंबून आहे, असे तेथे प्रतिपादन आहे. योगदर्शनात रंग ज्ञेयाकडून ज्ञात्याकडे येतो, प्रयोगशाळेत तो ज्ञात्याच्या हातून ज्ञेयावर जातो. दिशा उलटी असली तरी दोन्हीकडे रंगावाचून जाणणे नाही, हे सूत्र समान राहते. पेशीरंजनाला भारतीय विचारात घर शोधायचेच असेल, तर ते वेदान्तातील उपाधीपेक्षा योगातील उपरागाच्या आसपास शोधावे लागेल.

तरीही संशयाला जागा उरते, आणि ती उरली पाहिजे. रंगाने दाखवले ते पेशीत होते की रंगवण्याच्या क्रियेने निर्माण झाले? हा प्रश्न तत्त्वज्ञांनी नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञांनीच लावून धरला. पेशी रंगवण्यापूर्वी तिला आम्ल, मद्यार्क इत्यादींनी ‘स्थिर’ करतात, म्हणजे तिची रचना जेथल्या तेथे गोठवतात. आल्फ्रेड फिशर याने १८९९ मध्ये दाखवून दिले की प्रथिनांच्या साध्या द्रावणांवर अशीच स्थिरीकरणाची क्रिया केली असता, पेशीतील समजल्या गेलेल्या कणांसारखे आणि जाळ्यांसारखे आकार तेथेही तयार होतात. १८९८ मध्ये कामिल्लो गोल्जी याने वर्णिलेले पेशीतील जाळे तर पुढची कित्येक दशके अनेकांना रंजनाचा खेळच वाटत राहिले, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० च्या दशकात त्याची रचना दाखवल्यावर तो वाद शमला. विभाजन पावणाऱ्या केंद्रकातील गुणसूत्रांचेही तसेच. ती रंगामुळे दिसली, पण ती रंगामुळे नव्हती हे सहज पाहता आले ते फ्रिट्‌स झर्निके याच्या कलाभेदी सूक्ष्मदर्शकामुळे. या उपकरणात पेशीच्या भागांतून जाताना प्रकाशलहरींच्या कलेत पडणारा सूक्ष्म फरक तीव्रतेच्या फरकात रूपांतरित होतो, त्यामुळे न रंगवलेली, जिवंत पेशी विभागताना पाहता येते. झर्निके यास याबद्दल १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे नैयायिकांचे एक जुने मत उपयोगी पडते. बौद्ध तार्किकांच्या मते प्रत्येक प्रमाणाचे, म्हणजे ज्ञानसाधनाचे, क्षेत्र वेगळे असून एकाच्या विषयात दुसऱ्याचा शिरकाव होत नाही. नैयायिक याच्या उलट ‘प्रमाणसंप्लव’ मानतात, म्हणजे एकच वस्तू अनेक प्रमाणांनी जाणता येते असे म्हणतात. लांबून धुरावरून कळलेला अग्नी जवळ गेल्यावर डोळ्यांनीही दिसतो, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. रंग एक, रंगाविना कलाभेद दुसरा, इलेक्ट्रॉन तिसरा, आणि तिन्हींची साक्ष एकाच रचनेकडे बोट दाखवत असेल, तर ती रचना साधनाची उपज आहे हे म्हणणे टिकत नाही. उपाधी काढून टाकल्यावरच सत्य कळते असे नव्हे. उपाधी बदलून पाहिल्यावर जे बदलत नाही तेही सत्याच्या जवळचे असते, आणि अनुभवाच्या जगात माणसाच्या हाती बहुधा एवढाच मार्ग असतो.

आता नेवाशाचा संदर्भ. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी या गावी ज्ञानेश्वरी सांगून झाली, आणि निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून अमृतानुभव हा स्वतंत्र ग्रंथही येथेच झाला अशी परंपरा आहे. अमृतानुभवाचे सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे. दृश्य जगाच्या स्पष्टीकरणासाठी अज्ञान नावाचे काही वेगळे, झाकणारे तत्त्व मानण्याची गरज नाही, चैतन्यच द्रष्टा आणि दृश्य या दोन्ही रूपांनी नटते, अशी तेथील भूमिका आहे. तिला ‘चिद्विलास’ या नावाने ओळखतात, आणि ती शांकर मायावादाहून कितपत निराळी आहे याविषयी विसाव्या शतकातील मराठी अभ्यासकांत मोठा वाद झाला. भा. पं. बहिरट यांनी वेगळेपणाची बाजू हिरिरीने मांडली. या वादाचा निकाल येथे लावायचा नाही. परंतु रंग बाहेरून आलेला आरोप की वस्तूचाच आविष्कार, हा त्यातील गाभ्याचा प्रश्न कांद्याच्या पेशीत अनपेक्षितपणे समोर येतो.

नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या बाजारात जो लाल कांदा येतो, किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘बसवंत ७८०’ सारखा गडद वाण, त्याच्या पाकळीचा बाहेरचा पापुद्रा काचपट्टीवर घेतला, तर कोणताही रंग न घालता पेशी गुलाबी-जांभळ्या दिसतात. हा रंग रिक्तिकेतला, म्हणजे पेशीच्या मध्यभागी असलेल्या रसाच्या पिशवीतला असतो, आणि तो सायनिडिन या अँथोसायनिनाचा असतो. तांबड्या जास्वंदीच्या पाकळीतही सायनिडिनच असते. म्हणजे जे द्रव्य पांढऱ्या कांद्याच्या पेशीवर बाहेरून घातल्यावर उपाधी ठरते, त्याच कुळातले द्रव्य लाल कांद्याच्या पेशीत जन्मजात असते आणि तेथे त्याला कोणीही उपाधी म्हणत नाही. स्वरूप आणि उपाधी यांची सीमा द्रव्याच्या गुणात नसून त्याच्या येण्याच्या वाटेत आहे, हे यातून दिसते. आणि स्वतःचा रंग असूनही लाल कांद्याची पेशी सर्वांगाने उघडी होत नाही, तिची रिक्तिका झळकते आणि केंद्रक तसेच अस्पष्ट राहते. स्वयंप्रकाश म्हणजे सर्वप्रकाश नव्हे, असे याबाबतीत म्हणावे लागते. चिद्विलासाच्या समर्थकांनी या पेशीला आपल्या बाजूची साक्षीदार करण्यापूर्वी ही दुसरी गोष्टही लक्षात घ्यावी.

एक प्रश्न अजून राहतो, आणि तो ज्ञानाचा नसून हिंसेचा आहे. जिवंत पेशीचे पटल कोणतेही द्रव्य सरसकट आत घेत नाही, अनेक रंग ते बाहेरच थोपवते. पेशी मेली की तो पहारा संपतो आणि रंग आत शिरतो. हा फरक इतका भरवशाचा आहे की काही रंगांचा उपयोग पेशी जिवंत आहे की मृत हे ओळखण्यासाठीच होतो. म्हणजे जे रंजन सर्वांत अधिक दाखवते ते बहुधा मेलेल्या पेशीविषयी दाखवते. अहिल्यानगर जिल्ह्यात, जेथे चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेले आणि १९९२ साली अहमदनगर येथे देह ठेवलेले आचार्य आनंदऋषी यांच्यासारख्या स्थानकवासी साधूंमुळे जैन आचारविचार घराघरांत रुजला आहे, तेथे हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. जैन मताने वनस्पती एकेंद्रिय जीव आहेत; त्यांतही एका शरीरात एकच जीव असलेल्या ‘प्रत्येक’ आणि एकाच शरीरात अनंत जीव असलेल्या ‘साधारण’ असे दोन प्रकार असून, कांदा दुसऱ्या प्रकारात मोडतो आणि म्हणून वर्ज्य ठरतो. या अनंत जीवांना आधुनिक पेशी समजण्याचा मोह काही लेखकांना आवरत नाही, पण तो आवरावा. जीव हे जैन तत्त्वज्ञानात चेतन द्रव्य आहे आणि कोणत्याही रंगाने ते रंगत नाही, तर पेशी ही पुद्गलाची, म्हणजे जड द्रव्याची, रचना आहे, आणि पुद्गलाच्या लक्षणांत रंगाचा समावेश आहे.

हा भेद सांभाळून, पण हिंसा शक्य तितकी कमी करून ज्याला काचपट्टी तयार करायची आहे, त्याला प्रयोगशाळेत एक पर्याय नेहमीच असतो. पेशीरसाचे आकुंचन दाखवण्यासाठी महाविद्यालयांतून रिओ या शोभेच्या झाडाचे पान वापरतात. त्याच्या खालच्या बाजूच्या पेशींत अँथोसायनिन मुळातच असते, त्यामुळे ना कंद उपटावा लागतो, ना बाहेरचा रंग घालावा लागतो, ना पेशी आधी मारावी लागते. मिठाच्या द्रावणात तो जांभळा रस आक्रसताना आणि साध्या पाण्यात पुन्हा फुगताना दिसतो, आणि जोवर तो फुगतो तोवर पेशी जिवंत असते. पान तोडणे हीही जैन दृष्टीने हिंसाच, मात्र साधारण वनस्पतीच्या तुलनेत अल्प. आणि त्या पेशीचे केंद्रक पाहायचे असेल, तर पुन्हा रंगाकडेच वळावे लागते.